लांकडी बैल आणि जिवंत कालवड

भंडारा जिल्ह्यांतील अड्याळ या गांवीं गेल्या भाद्रपदांत मला तान्ह्या पोळ्याचा परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. विदर्भाबाहेरील वाचकांसाठीं सांगावयाचें तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं इकडील लहान मुलें चाकांवरचे लांकडी बैल सजवून मिरवितात, तोच तान्हा पोळा. प्रथा गोड आहे. तिच्यावर रुसण्याचें मला कांहींच कारण नव्हतें. परंतु त्या दिवशीं रांगेच्या शेवटीं तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आली ती दाव्याला जिवंत कालवड धरून. कालवडीचें अंग घांसून लख्ख केलेलें, शिंगें नुकतीं कोठें फुटूं लागलेलीं, गळ्यांत झेंडूची माळ. एवढ्या गर्दींत ती बुजली नाहीं. मुलगी थांबली कीं ती थांबे, चालली कीं चाले. संयोजकांनीं नियम दाखविला : बैल लांकडाचाच पाहिजे. मुलगी परत गेली. मीं पहिलें बक्षीस विजेच्या दिव्यांच्या माळा लावलेल्या एका विकतच्या बैलास दिलें आणि सत्काराचा नारळ घेऊन घरीं आलों. हा लेख त्या नारळाचें ओझें उतरविण्यासाठीं लिहिला आहे, असें कोणी म्हटल्यास मी नाकारणार नाहीं.

दोष संयोजकांचा नव्हे. तो आपला आहे. शिकलेल्या, नोकरदार, दाराशीं दुधाची पिशवी घेणाऱ्या घरांचा आहे. ‘अभ्यास कर, नाहींतर गुरें राखावीं लागतील,’ हें वाक्य ज्या घरांत कधीं उच्चारलें गेलें नाहीं असें सुशिक्षित घर मला कोणीं दाखवावें. माझ्या वडिलांनीं तें मला ऐकविलें, मीं माझ्या मुलास ऐकविलें, आणि इतकीं वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवितांना आळशी विद्यार्थ्यांनाही ऐकविलें. त्या बांकांवर बसलेल्यांपैकीं कित्येकजण पहांटे गोठा झाडून, दुधाची कॅन डेअरीवर पोंचवून मग बसनें आलेले असत, ही गोष्ट माझ्या ध्यानांत फार उशिरां आली. ज्या धंद्यानें त्यांची फी भरली तोच धंदा मी त्यांना शिक्षा म्हणून दाखवीत होतों. त्यांनीं तो पहिल्या संधीस टाकून दिला तर नवल काय?

गायीच्या नांवानें बोलणाऱ्यांची महाराष्ट्रांत वाण नाहीं. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं शासनानें देशी गायीस ‘राज्यमाता-गोमाता’ ही पदवी दिली आणि गोशाळांतील देशी गायींमागें दररोज ५० रुपयांचें अनुदानही ठरविलें. मातेस पदवी मिळाली, ठीक झालें. पण तिच्या लेकीचें काय? गोशाळा थकलेल्या गायीस आसरा देते, आणि तिनें तो द्यावाच. कालवड मात्र घरच्या गोठ्यांत वाढते. जानेवारी २०२३ मध्यें पूर्व विदर्भांतील कठाणी या गोवंशाची राष्ट्रीय नोंद झाली. धानाच्या चिखलांत टिकणारे तिचे बैल इकडे सर्वांच्या पाहण्यांतले, परंतु नोंदीचें बुक वासरूं वाढवीत नाहीं. आमच्या शेजारच्या वर्ध्यास जमनालाल बजाजांनीं १९४१ सालीं, आयुष्याच्या अखेरच्या पर्वांत, गोसेवा संघ काढला. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यास गोठ्याचें काम हलकें वाटलें नाहीं, तें आपल्या दहावीच्या पोरास वाटतें.

आणि हें काम सोपें आहे असें समजणाऱ्यांनीं तें एकदां करून पाहावें. वासरूं जन्मलें कीं पहिल्या एक-दोन तासांत त्याच्या पोटांत चीक गेला पाहिजे. उशीर झाला तर रोगाशीं झुंजण्याचें बळ त्यास मिळत नाहीं. मग जंताचें औषध, लसी, वजनाची नोंद. आमच्या धानाच्या मुलखांत तणस मुबलक; पण नुसत्या तणशीवर पोट भरतें, अंग भरत नाहीं. हिरवा चारा कोठें लावावयाचा, ढेप किती घालावयाची, याचा हिशेब करावा लागतो. नीट वाढविलेली संकरित कालवड अडीच-तीन वर्षांत वितें. हयगय झालेली गांवठी कालवड चार वर्षें, कधीं त्याहूनही अधिक घेते. म्हणजे सातवींत हातीं घेतलेली कालवड दहावीच्या सुमारास दूध देईल. जीवशास्त्र, गणित आणि धीर या तिन्ही गोष्टी एका दाव्याला बांधलेल्या आहेत, आणि आम्ही मुलांना त्याच गोष्टी शिकवणी लावून विकत घेऊन देतों.

इंग्लंडांत डेव्हन परगण्यांतील हेमिऑक या खेड्यांत १९२१ सालीं मुलांच्या हातीं वासरें देऊन तीं वाढविण्याचें मंडळ निघालें. पुढें देशभर पसरलेल्या तरुण शेतकऱ्यांच्या मंडळांचा उगम तेथला मानतात. अमेरिकेंतील ‘फोर-एच’ मंडळांचीं मुलें आपण वाढविलेल्या कालवडी जत्रेंत आणतात, आणि तेथें एका स्पर्धेंत तर गुण जनावरास नसून तें हाताळणाऱ्या मुलास असतात. साहेबाचें अनुकरण आम्हीं कॉलर आणि क्रिकेट यांपर्यंत केलें. हें मात्र राहून गेलें.

माझे एक विद्वान स्नेही म्हणतात, ‘ही बालमजुरी झाली.’ शाळा बुडवून परक्याचीं गुरें राखावयास लावणें ही मजुरीच, आणि ती निषेधार्हच. पण शाळेआधीं तास-अर्धा तास स्वतःच्या कालवडीचें करणाऱ्या मुलास मजूर म्हणावें, तर पहांटे उठून सतार घांसणाऱ्यासही म्हणावें लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : प्रदर्शनानें मिरवण्याची हांव वाढते. कोटींची किंमत सांगितलेल्या रेड्यांभोंवतीं जमणारी गर्दी मीं पाहिली आहे. ती शिकावयास येत नाहीं, फोटो काढावयास येते. म्हणूनच गुण तुकतुकीत कातडीस देऊं नयेत. मुलाच्या वहीस द्यावे, त्याच्या उत्तरांस द्यावे.

यासाठीं नवा सोहळाही नको. दिवाळीच्या पाडव्यास इकडे गायगोधन होतें. गोवारी मंडळी गायी सजवून गांवांत आणतात, नाचतात, गातात. जिवंत गुरांचें याहून जुनें प्रदर्शन आणखी कोणतें हवें? त्याच दिवशीं शाळकरी मुलामुलींच्या कालवडी एका बाजूस उभ्या कराव्या, आणि परीक्षक म्हणून माझ्यासारखा इंग्रजीचा प्राध्यापक न बसवितां जनावरांचा डॉक्टर आणि एखादा जाणता गोवारी बसवावा.

अड्याळच्या संयोजकांस मीं एवढेंच लिहून कळविलें आहे. त्यांचें उत्तर अजून आलेलें नाहीं. ती मुलगी कोणाची, हेंही त्यांनाच विचारलें आहे. कालवड आतां बरीच थोराड झाली असेल.