कांतिनफ्लास बिचारा!

माझी नात स्पॅनिश शिकते. परवा तिने एक विशेषण सांगितलं, 'कांतिनफ्लेस्को'. खूप बोलायचं, शब्दांचा नुसता धुरळा उडवायचा आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही, अशा बोलण्याला ते लावतात. मूळ नाव कांतिनफ्लास, मेक्सिकोचा विनोदी नट मारिओ मोरेनो (१९११-१९९३) ह्याने उभं केलेलं पात्र. 'कांतिनफ्लेआर' हे क्रियापद तर स्पॅनिश अकादमीच्या कोशातही गेलंय. "आजोबा, गोलमाल बोलणाऱ्या पुढाऱ्यांना हमखास हेच म्हणतात," नात म्हणाली, आणि माझं डोकं फिरलं.

अहो, अन्याय आहे हा! १९४० सालचा त्याचा 'आही एस्ता एल देताये' हा सिनेमा मी खालच्या इंग्रजी ओळी वाचत, थांबत थांबत पाहिला. कांतिनफ्लासने बॉबी नावाचं कुत्रं मारलेलं असतं. खून झालेल्या गुंडाचं नावही बॉबीच! कोर्टात विचारतात, बॉबीला तू मारलंस का? हा सरळ 'हो' म्हणतो. म्हणजे गडी खरंच बोलतोय, घोळ कोर्टाचा आहे. आणि शेवटी न्यायाधीश, वकील सगळे त्याच्यासारखंच बरळू लागतात. हसून हसून पुरेवाट झाली माझी.

घसरलेली विजार सावरणारा तो शहरातला गरीब माणूस. साहेबांची भाषा बोलू पाहतो आणि तिच्यात अडकतो. पुढारी अडकत नाही हो, तो सुटण्यासाठीच तसं बोलतो. दोघांना एकच विशेषण कसं चालेल?

नात म्हणते, "लोक वापरतात तोच अर्थ." खरं आहे, कोश माझ्या बाजूने नाही. पण मला राग आला त्याचं कारण वेगळंच आहे. सातवीतल्या एका मुलाने रजेचा अर्ज लिहिला होता. 'सविनय सादर विनंती विशेष की सदरहू कारणास्तव' असं काहीबाही, अर्धं पान. मी लाल शाईने 'असंबद्ध' असा शेरा मारून वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. पोरं खो खो हसली. आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचंय, एवढंच त्याला सांगायचं होतं. ते मला दिवाळीनंतर, त्याचा बाक रिकामा दिसल्यावर कळलं.