पातोळ्यांचे ताट



ऑगस्टचा महिना अर्ध्यावर आला की आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यांची पावसापासून सुटका नसते. भाताची लावणी आटोपलेली असते, शेतात भांगलण चाललेली असते, आणि घरच्या कणगीतील जुने भात तळास गेलेले असते. अशा ओढगस्तीच्या दिवसांत १५ ऑगस्ट उगवतो. त्या दिवशी सारा देश स्वातंत्र्यदिन साजरा करितो, आणि आपण ख्रिस्ती कुटुंबे त्याचबरोबर पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण पाळतो. देवालयातून परतल्यावर चुलीवरच्या मोदकपात्रातून हळदीच्या पानांचा जो दरवळ येतो, तो आम्हांस तरी लहानपणापासून ह्या सणाचाच सुगंध वाटत आलेला आहे.

पातोळी हा गरिबाघरचा पदार्थ आहे. तांदूळ चार तास भिजवावे, बारीक वाटावे, चवीपुरते मीठ घालावे. परसातील हळदीची कोवळी, रुंद पाने धुऊन त्यांवर हे पीठ बोटांनी पातळ थापावे. मधोमध ओले खोबरे, गूळ आणि वेलची यांचे सारण पसरावे, पान शिरेवर दुमडावे आणि वाफेवर ठेवावे. वीस मिनिटांत घरभर वास सुटतो. ह्यास तूप लागत नाही, बाजारातील महाग जिन्नस लागत नाही. लागतात ते घरातील दोन-चार हात. एकाने पाने पुसावी, एकाने खोबरे खवावे, मुलांनी सारणात बोट बुडवून आजीचा ओरडा खावा. तासाभराच्या ह्या कामात घरातील माणसे एकमेकांशी जेवढे बोलतात, तेवढे एरवी आठवड्यात बोलत नसतील. हल्ली जो तो आपले ताट घेऊन आपल्या मोबाइलसमोर बसतो. म्हणून तर हा एक तास आम्हांस फार मोलाचा वाटतो.

शिवाय ही पातोळी काही आपल्या एकट्यांची नव्हे. गोव्यात आणि कोकणात आपले हिंदू शेजारी नागपंचमीस पातोळ्या करितात. पान तेच, तांदूळ तोच, गूळही तोच. आपल्या पूर्वजांपैकी कित्येक गोव्याहून घाट चढून इकडे आले, तेव्हा त्यांनी श्रद्धेबरोबर हे पानही आणले. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा आपल्या लोकांस सांगावयाची ठरविली, तेव्हा त्यांनीही मराठीतील ओवीच घेतली; त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जुन्या, ओळखीच्या भांड्यात नवे अन्न वाढावे, ही रीत आपल्याकडे अशी जुनी आहे.

आता सणाकडे वळू. धन्य मरिया देहासह स्वर्गात घेतली गेली हा विश्वास ख्रिस्तसभेत कित्येक शतके नांदत होता; १ नोव्हेंबर १९५० रोजी परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी तो श्रद्धेचा सिद्धांत म्हणून जाहीर केला. इतक्या थोर सणाच्या मिस्साबलीत शुभवर्तमान कोणते बरे वाचले जाते? त्यात आकाश उघडल्याचे वर्णन नाही. संत लूकने सांगितलेली एक घरगुती हकीकत त्यात आहे. एक तरुण मुलगी लगबगीने डोंगराळ प्रदेशात जाते, उतारवयात गरोदर राहिलेल्या आपल्या नातलग एलिझाबेथच्या घरात शिरते आणि तिला नमस्कार करिते. पुढे सुमारे तीन महिने ती तेथे राहते. त्या तीन महिन्यांत तिने पाणी भरले असेल, चूल फुंकली असेल, असे कोणत्याही गृहिणीच्या मनात येईल. ख्रिस्तसभा जणू आपल्याला सांगते की, स्वर्गाकडे गेलेली ही वाट शेजाऱ्या-नातलगांच्या उंबरठ्यावरून गेलेली आहे.

म्हणूनच पातोळ्या झाल्यावर पहिली ताटे बाहेर जातात. आमच्या घरून सात ताटे जात. ती केळीच्या पानाने झाकून पोहोचविण्याचे काम मुलांकडे असे. आणि येथेच आम्हांस आमचा एक दोष वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या चुलत भावाच्या घराशी आमचे बिनसले. कारण एवढेच की, त्यांच्या परसातील पावसाचे पाणी बांध फोडून आमच्या परसात येई आणि आमची हळद कुजवी. शब्दाने शब्द वाढला. त्या वर्षी सातवे ताट गेले नाही. दुसऱ्या वर्षीही गेले नाही. दोन्ही घरे रविवारी एकाच देवालयात गुडघे टेकीत होती, आणि बाहेर पडताना एकमेकांकडे पाठ फिरवीत होती.

तिसऱ्या वर्षी १५ ऑगस्टला आमच्या वृद्ध मातोश्रींनी पुन्हा सात ताटे भरली. सहा गेली. सातवे झाकून फळीवर ठेवले. ते कोणाचे हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. सायंकाळी घंटा झाली, सारे घर जपमाळेस बसले. सणाचा दिवस म्हणून गौरवाची रहस्ये चालली होती. चौथे रहस्य आजच्या सणाचेच. ‘आमच्या बापा’ म्हणता म्हणता, आम्ही जशी क्षमा करितो तशी आम्हांस क्षमा कर, ह्या मागण्यावर आलो आणि दृष्टी फळीवरच्या ताटाकडे गेली. केळीचे पान कडेने सुकून वळले होते. तीन वर्षे आम्ही रोज सायंकाळी देवाकडे काय मागत होतो? आम्ही देत नाही तेवढीच क्षमा आम्हांस दे, हेच ना? आमचा आवाज थांबला. मातोश्रींनी ते मागणे पुरे केले आणि माळ पुढे चालू ठेविली.

जपमाळ संपताच आम्ही ताट उचलले. अंतर पन्नास पावलांचे, पण पाय जड झाले होते. दार वहिनींनी उघडले. काय बोलावे हे आम्हांस सुचेना. त्यांनी ताटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पाऊस केवढा लागलाय, आत या भावोजी.” एवढेच. भाऊ माजघरातून आला व पाट पुढे सरकवून मुकाट्याने शेजारी बसला. थंड झालेल्या त्या पातोळ्या आम्ही एकाच ताटात खाल्ल्या.

पाण्याचा प्रश्न त्या रात्री सुटला असे मात्र नाही. पुढेही दोन पावसांत पाणी आलेच. परंतु बोलणे सुरू झाले होते, आणि एका उन्हाळ्यात दोन्ही घरच्या माणसांनी मिळून बांधाला लागून चर खणला. ताट म्हणाल तर दुसऱ्याच दिवशी परत आले. रिकामे ताट परत पाठवू नये ह्या रीतीप्रमाणे त्यांच्या वेलीवरच्या तीन काकड्या त्यात होत्या.

आपले अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभू येशूची शिकवण आपण पुष्कळदा ऐकतो. ती फार मोठी व अवघड वाटते. पण पुष्कळदा तिचे माप एका ताटाएवढेच असते. आपल्याही घरात असे एखादे ताट फळीवर राहून गेले आहे काय? नाते तुटले ते कोणाच्या चुकीने, ह्याचा हिशेब करीत बसल्यास पान सुकून जाते. सण नसला तरी काय झाले? घरी जे शिजले असेल तेच चालेल: वाटीभर आमटी, दोन भाकऱ्या, परसातील एखादा भोपळा. आज रात्री सर्वांनी एकत्र बसावे, जेवणापूर्वी क्रुसाची खूण करून अन्नाबद्दल देवाचे आभार मानावे, आणि त्या आभारात ज्या घराचे नाव घेणे जड जाते, त्याचेही नाव घ्यावे. उद्या पाऊल उचलणे मग तितके कठीण जाणार नाही.

लगबगीने एलिझाबेथच्या घरी गेलेली आपली माता आपल्याबरोबर ती पन्नास पावले चालो, हीच आमची प्रार्थना.