समदुःखितांचा आधार

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्याच्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा थट्टेचा वाक्प्रचारच होऊन बसला. या थट्टेमागे भीती आहे. कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींतून मधुमेह उघडपणे सांगितला जातो. मनाचा आजार मात्र दडविला जातो. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, शेजाऱ्यांची कुजबुज या धास्तीने सारे घरच अज्ञातवास पत्करते. औषध सुरू होते. एकटेपणा संपत नाही.

हा एकटेपणा केवळ वैद्यकाने दूर होईल काय? डॉक्टरांच्या निदानावाचून आणि औषधावाचून गत्यंतर नाही, हे निर्विवाद. तथापि ‘इतके दिवस कुठे होतात?’ या कचेरीतील प्रश्नाला उत्तर काय द्यावे, बरे वाटताच गोळ्या बंद करण्याचा मोह कसा आवरावा, हे त्या वाटेने गेलेलाच अधिकाराने सांगू शकतो. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनमुक्तीच्या कामात हेच सूत्र अंगीकारले. व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णच तेथे कार्यकर्ते झाले. ठाण्यातही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापिलेल्या ‘आयपीएच’ने मानसिक आरोग्याचा विषय रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आणला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही या अनुभवाची दखल घेतली आहे. रुग्णांच्या हक्कांसाठी नेमावयाच्या पुनर्विलोकन मंडळांत रुग्ण, त्यांची देखभाल करणारे किंवा त्यांच्यासाठी झटणाऱ्या संस्था यांच्यातून दोन सदस्य घेण्याची तरतूद त्यात आहे. न्यायदानात ज्यांचा शब्द मोलाचा मानला, तो उपचारात गौण का मानावा?

अर्थात समदुःखिताने डॉक्टर होऊ नये. गुप्तता कशी पाळावी, आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्याला तातडीने डॉक्टरांकडे कसे न्यावे, याचे शिक्षण त्याला मिळालेच पाहिजे. आणि त्याच्या श्रमांना मानधनही हवे. केवळ कृतज्ञतेवर कोणाचे घर चालत नाही.

यासाठी नव्या इमारती नकोत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून नागरिकांना एकत्र आणीत आले आहे. अशा संस्थांनी आणि महापालिकांच्या शाळांनी आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली मोकळी करून द्यावी. आजार लपविण्यात आज घराघरांची जी शक्ती खर्ची पडते, तिचा थोडा अंश तरी मग बरे होण्याकडे वळेल.