पडद्यावरचा डॉक्टर आणि आपली तयारी



दवाखान्याच्या रांगेत दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते, हे आपल्या वस्तीत कोणाला सांगायला नको. बिगारी काम करणारा बाप असो की चार घरची धुणीभांडी करणारी आई, दुखणे अंगावर काढण्याचे पहिले कारण तेच असते. म्हणून मोबाइलवर डॉक्टरांना पाहून बोलण्याची जी सोय झाली आहे, ती आपल्या कामाची आहे. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून ती घरबसल्याही मिळू लागली. तिला पैसे पडत नाहीत. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही, त्यांना जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जाऊन तेथील आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत डॉक्टरांशी बोलता येते.

परंतु पडद्यावरचा डॉक्टर पोट दाबून पाहू शकत नाही की छातीला नळी लावू शकत नाही. त्याला जे कळायचे ते बरेचसे आपल्या सांगण्यातूनच कळते. म्हणून येथे रुग्णाचे बोलणे हीच अर्धी तपासणी असते.

दुरून केलेली तपासणी म्हटली की बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील एक हकीकत आठवते. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते, ते बाबासाहेबांनी त्यात दिले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतीण होती आणि फार आजारी पडली होती. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. त्या ओल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. ती माऊली वाचली नाही.

तेव्हाचे अंतर जातीने घातलेले होते. आजचे अंतर यंत्राचे आहे. दोन्ही एक नव्हेत. तरीही त्यातून एक गोष्ट आपण घ्यायची: डॉक्टर दूर असेल तेव्हा न विचारता, न सांगता मिळालेल्या औषधावर समाधान मानायचे नाही. नीट सांगणे हे आपले काम आहे आणि नीट विचारणे हा आपला हक्क आहे.

तथागतांनीही याबाबत मार्ग दाखवला आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदांसह स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा विनयपिटकातील महावग्गात आहे. तेथेच चांगल्या रुग्णाचे गुणही सांगितले आहेत. त्यांतला एक असा की, आजार वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, जागच्या जागी असेल तर तसाच आहे, असे तो शुश्रूषा करणाऱ्याला खरे खरे सांगतो. पडद्यावरच्या डॉक्टरांशी बोलताना नेमके हेच करायचे असते.

आता तयारी कशी करावी ते पाहू.

आदल्या दिवशी मुलांच्या वहीचा एक कागद घ्या. त्रास काय आहे, कोणत्या दिवसापासून आहे, दिवसा जास्त होतो की रात्री, कशाने वाढतो, कशाने थांबतो, एवढे लिहा. वजन घटले असेल, किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर ते सर्वांत वर लिहा. ताप मोजून आकडा मांडा. रक्तदाब किंवा साखर असेल तर शेवटच्या तपासणीचे आकडे तारखेसह लिहा. साखर उपाशीपोटी होती की जेवणानंतरची, तेही लिहा.

घरातली सगळी औषधे एका पिशवीत जवळ ठेवा. ‘पांढरी बारीक गोळी’ म्हटल्याने डॉक्टरांना काही कळत नाही. पाकीट कॅमेऱ्यासमोर धरा. वैदूचा काढा आणि दुकानातून परस्पर आणलेली गोळीसुद्धा सांगा. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले असेल तर ते आवर्जून सांगा.

आपले काम काय ते सांगायला लाजू नका. गटारात उतरणे, कचरा वेचणे, दगड फोडणे, रंग मारणे यांचा छातीशी आणि कातडीशी संबंध असतो. तसेच दारू, तंबाखू, मिश्रीचे. डॉक्टरांपासून लपवलेली गोष्ट आपल्याच अंगाशी येते.

सर्वांत अवघड प्रश्न एका खोलीच्या घराचा आहे. मोबाइल बहुधा मुलाच्या हातात असतो आणि अंगावरून जाण्याची किंवा गाठीची गोष्ट आई मुलासमोर बोलत नाही. ‘पाठ दुखते’ एवढेच सांगून ती मोकळी होते आणि खरा आजार आतच राहतो. म्हणून तरुणांनी फोन लावून द्यावा आणि दहा मिनिटे बाहेर जाऊन उभे राहावे. आईला हवी असेल तर सून किंवा शेजारची ताई सोबत बसेल. लहान मुलाला दाखवायचे असेल तर मात्र मोठे माणूस सोबत असलेच पाहिजे, तसा नियम आहे.

उजेड तोंडावर पडेल असे बसा, पाठीमागे खिडकी नको. टीव्ही बंद करा, फोन चार्ज करून ठेवा. नोंदणीच्या वेळी मोबाइलवर येणारा ओटीपी आपण स्वतः ॲपमध्ये घालायचा. फोन करून ओटीपी किंवा पिन मागणारा डॉक्टर नसतो, तो भामटा असतो.

बोलणे संपण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. मला काय झाले असावे? औषध किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर? किती दिवसांत उतार पडावा? काय झाले तर प्रत्यक्ष दवाखान्यात जावे? उत्तर समजले नाही तर ‘डॉक्टर, पुन्हा सांगा’ म्हणा. त्यात कमीपणा नाही. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. मार्च २०२० च्या सरकारी मार्गदर्शक नियमांप्रमाणे तो असायलाच हवा. झोपेच्या किंवा नशा आणणाऱ्या काही गोळ्या अशा भेटीत लिहून देता येत नाहीत, त्यासाठी हट्ट धरू नका.

आणि हे पक्के लक्षात ठेवा. छातीत कळ, धाप, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, झटके, बेशुद्धी, साप चावणे, गरोदरपणी रक्त जाणे, तान्ह्या बाळाने दूध सोडणे, यांत मोबाइलवर डॉक्टर शोधत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि तडक रुग्णालय गाठावे.

एक सूचना. रविवारी विहारात वंदना झाल्यावर शिकलेल्या मुला-मुलींनी अर्धा तास थांबावे. ज्यांना लिहिता येत नाही अशा वडीलधाऱ्यांचा तो कागद लिहून द्यावा, ई-संजीवनीवर त्यांचे नाव नोंदवून द्यावे. ‘शिका’ म्हणून बाबासाहेबांनी दिलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग तो कोणता?

जय भीम! नमो बुद्धाय!