उरलेले अन्न आणि घरचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. यातील सुमारे ६० टक्के वाटा उपाहारगृहांचा अथवा दुकानांचा नसून घरांचा होता. भारतीय घरांतून दरवर्षी दरडोई सुमारे ५५ किलो अन्न टाकून दिले जाते, असा या अहवालाचा अंदाज आहे. याचाच अर्थ, माणशी दररोज सुमारे दीडशे ग्रॅम.

हा आकडा जागतिक सरासरीपेक्षा, म्हणजे ७९ किलोंपेक्षा कमी असला तरी तो समाधान मानण्याजोगा नाही. त्याच वेळी तो सावधपणे वाचणेही आवश्यक आहे. या मोजणीत फळांच्या साली, बिया, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरले जातात, तसेच देशाचा अंदाज मोजक्या ठिकाणच्या पाहण्यांवर आधारलेला आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच. उरलेल्या अन्नाचा उपयोग करण्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या देशात अन्न वाया का जावे?

ही परंपरा निर्विवाद आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी खाण्याची पद्धत ओडिशात पखाळ, बंगालमध्ये पांता भात, छत्तीसगडमध्ये बोरे-बासी या नावांनी रूढ आहे. तामिळनाडू व आसामातही तिची रूपे आढळतात. महाराष्ट्रातील फोडणीचा भात, फोडणीची पोळी किंवा गूळ-तूप घालून वळलेला पोळीचा लाडू हे पदार्थ तर शिळ्या अन्नातूनच जन्मले आणि पुढे आवडीने खाल्ले जाऊ लागले. तात्पर्य, पाककृतींची उणीव हे नासाडीचे कारण नाही.

खरे कारण स्वयंपाकाच्या बदललेल्या वेळापत्रकात शोधावे लागते. एकत्र कुटुंबात दुपारचे उरलेले संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या पानात जात असे. शहरांतील लहान कुटुंबात प्रत्येकाची जेवणाची वेळ निराळी असते, आयत्या वेळी बाहेरून जेवण मागवले जाते आणि सकाळचा स्वयंपाक तसाच राहतो. शीतकपाटाने अन्नाचे आयुष्य वाढवले हे खरे. मात्र मागच्या कप्प्यात सरकवलेला डबा विस्मरणातही जातो. तो आठ दिवसांनी उघडला जातो आणि थेट कचऱ्याच्या डब्यात रिकामा होतो.

बचतीच्या उत्साहात आरोग्याकडे दुर्लक्ष होणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, पाच अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात साठवावे आणि खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. भाताबाबत हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. त्यातील काही जीवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकून राहतात आणि उबदार हवेत त्यांची वाढ होऊन तयार झालेले विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात उथळ भांड्यात पसरून लवकर थंड करणे हितावह.

साठवणीच्या जिन्नसांची गोष्ट वेगळी आहे. वेष्टनावरील ‘अमुक तारखेपर्यंत सर्वोत्तम’ हा उल्लेख पदार्थाच्या गुणवत्तेविषयी असतो, तर ‘अमुक तारखेपर्यंत वापरावे’ ही मुदत पाळावयाची असते. हा भेद लक्षात न घेतल्याने खाण्याजोगे जिन्नसही फेकले जातात. डाळी-कडधान्ये उन्हात वाळवणे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे आणि जुना साठा संपल्यावरच नवा डबा उघडणे या वडीलधाऱ्यांच्या सवयी आजही तितक्याच उपयोगी आहेत.

या विषयाची एक बाजू मात्र आकडेवारीत येत नाही. अनेक घरांत ‘अन्न वाया जाऊ नये’ या सूत्राची अंमलबजावणी एकच व्यक्ती करते, ती म्हणजे घरातील गृहिणी. इतरांना ताजी पोळी वाढून स्वतः सकाळची खाणे, हा तिच्या कर्तव्याचा भाग मानला जातो. अशा प्रकारे साधलेली बचत ही बचत नसून केवळ भाराची विषम वाटणी होय. उरलेले अन्न सर्वांच्या पानात सारखे वाढले गेले, तरच ते मुळात उरू नये याची काळजी सर्वांना वाटू लागेल.

शासकीय पातळीवर काही पावले पडली आहेत. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. समारंभ व उपाहारगृहांतील शिल्लक अन्न गरजूंपर्यंत पोहोचवण्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम करण्यात आले. परंतु घरातील वाटीभर आमटीपर्यंत कोणताही नियम पोहोचू शकत नाही. दक्षिण कोरियाने २०१३ पासून टाकलेल्या अन्नाच्या वजनानुसार शुल्क आकारण्याची पद्धत देशभर राबवली. भारतात ती जशीच्या तशी लागू करणे अवघड असले, तरी तिच्यामागील तत्त्व साधे आहे : मोजले की कळते.

दरडोई अन्न-नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जागतिक समुदायाने स्वीकारले आहे. भारतीय घरांपुरता त्याचा प्रारंभ नव्या पाककृतीपासून नव्हे, तर तांदूळ धुण्यापूर्वी ‘आज जेवायला किती जण?’ असे विचारण्यापासून होऊ शकतो. या प्रश्नाचे उत्तर वेळेवर देण्याची जबाबदारी मात्र स्वयंपाकघराबाहेर बसलेल्यांची आहे.