दहाव्या माणसाचा कायदा आणि तिसऱ्या माणसाचा पगार

लहान धंदा मोठा का होत नाही आणि धंदेवाला चार माणसे कामाला का ठेवीत नाही, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित मंडळींत निघाला की उत्तरे शोधावी लागत नाहीत. ती दिवाणखान्यात तयारच असतात. गतवर्षी नागपुरास एका विद्वान व्याख्यात्यांनी हाच विषय घेतला होता. त्यांच्या मते सारा दोष कामगार कायद्यांचा. कारखान्यात दहावा माणूस आला की निरीक्षक येतो, विसावा आला की भविष्यनिर्वाह निधी येतो, आणि शंभरावा आला म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून कोणास काढता येत नाही. म्हणून शहाणा मालक नऊवरच थांबतो. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या असाव्यात, कारण व्याख्यान फार सुबक होते. परंतु पुढील आठवड्यात मी माझ्या आजोळी, नाकाडोंगरीस गेलो, आणि तेथील रस्त्यावरून एक फेरी मारताच त्या सुबकपणाविषयी मला संशय येऊ लागला.

नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्यातील मध्यप्रदेशच्या सीमेजवळचे गाव. आसपास धानाची शेती आणि सागाचे जंगल; जवळच चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी. त्या खाणी पूर्वी विलायती कंपनीच्या ताब्यात होत्या. १९६२ साली स्थापन झालेल्या मॉईल या कंपनीकडे त्या आल्या. ज्या भागातील खनिज शतकाहून अधिक काळ दूरदूरच्या भट्ट्यांत जात आहे, तेथे लोखंडकामाची, दुरुस्तीची, सुताराची दुकाने कशी फोफावली असतील, असे नकाशा पाहणारास वाटावे. प्रत्यक्षात वेल्डिंगच्या दुकानात मालक आणि त्याचा भाऊ. चक्कीवर बाप आणि लेक. सायकलदुरुस्तीस एकटा म्हातारा. जेथे तीन माणसे दिसली तेथे तिसरा बहुधा मेहुणा निघाला. आता मला त्या व्याख्यात्यांस नम्रपणे विचारावयाचे आहे की, दहाव्या माणसाच्या भीतीने मनुष्य दोनवर कसा थांबतो? विहीर गावाबाहेर आहे म्हणून कोणी घराच्या उंबऱ्यावरच पाय आखडून बसत नाही.

ही काही एका गावाची गोष्ट नव्हे. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत पिकांची शेती वगळून देशात ५ कोटी ८५ लक्ष व्यवसाय मोजले गेले, आणि त्यांत काम करणारी माणसे भरली १३ कोटी १३ लक्ष. म्हणजे दर व्यवसायास सरासरी सव्वादोन माणसेही धडपणे येत नाहीत. शेकडा सुमारे ७२ ठिकाणी नियमित पगारी माणूस एकही नव्हता. कायद्याचा आकडा बदलून पाहण्याचा प्रयोगही आपण केलेला आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात वीज वापरणाऱ्यास दहा आणि न वापरणाऱ्यास वीस ही मर्यादा होती. महाराष्ट्राने ती २०१५ च्या दुरुस्तीने अनुक्रमे वीस व चाळीस केली. कामावरून काढण्यास परवानगीची जी अट शंभरावर होती, ती नव्या संहितेने तीनशेवर नेली, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलातही आली. नऊ-दहा माणसांच्या कारखानदारास याने थोडा हात मोकळा झाला असेल. त्यास माझी हरकत नाही. पण नाकाडोंगरीच्या वेल्डरास या संहितेचे नाव जरी कोणी सांगितले, तरी तो पंखा लावून पुढले काम घेईल.

दुसरे उत्तर याहून जुने आहे आणि अधिक निष्ठुर आहे: माणसेच मिळत नाहीत हो! फुकट धान्याने मजूर माजला, कामाची सवय सुटली, असे आमच्या पंक्तीला बसणारे जमीनदार सद्गृहस्थ म्हणतात, आणि आम्ही पगारदार त्यांची री ओढतो. या तक्रारीचा इतिहास मनोरंजक आहे. भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, त्या प्रांताने १९४८ साली असा कायदा केला की शेतीच्या हंगामात ठरविलेल्या गावांतील लोकांस विड्या वळण्याची मनाई करता यावी. हेतू उघड होता. विडीच्या कामात गुंतलेले हात शेतावर यावेत. सागर जिल्ह्यात १९५० साली तसा हुकूमही निघाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी चिंतामणराव यांच्या खटल्यात ती मनाई घटनाविरुद्ध ठरविली; कारण तिच्यामुळे शेतीला निरुपयोगी असलेले वृद्ध, अपंग व मुले यांचीही रोजी बुडत होती. मजूर आळशी असता तर त्यास दुसऱ्या कामापासून रोखण्यासाठी कायदा कशास हवा होता? तो आळशी नव्हता. तो बरा भाव देणाऱ्याकडे जात होता. आजही रोवणी आटोपली की या भागातील तरुण हैदराबादेस आणि नागपुरास जातात, ते काही झोप काढावयास नव्हे.

मग अडते कोठे? हे मला ज्याने समजाविले तो मनुष्य अर्थशास्त्री नाही. आजोळच्या घराची डागडुजी चालली होती, त्यासाठी मी गावातील एका वेल्डिंगवाल्यास लोखंडी फाटक करण्यास सांगितले होते. त्याच्याकडे पूर्वी एक मुलगा दिसे, आय. टी. आय.मधून वेल्डरचा अभ्यासक्रम पुरा केलेला, हाताने स्वच्छ, बोलण्याने नम्र. या खेपेस तो दिसला नाही. विचारले, तेव्हा मालक म्हणाला, "सर, पोरगा कामाचा होता. पन दर बाजाराले त्याले पैसे द्या लागतेत. मले कोन देते दर बाजाराले?" मग त्याने वही उघडली. एका संस्थेच्या इमारतीच्या खिडक्यांच्या जाळ्या, नऊ महिने. एका ठेकेदाराचे काम, सात महिने. त्याचे म्हणणे, वरून आले की देतो. शेतकऱ्यांच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती, धानाचे चुकारे पडतील तेव्हा. आणि खालून तिसऱ्या ओळीत माझे नाव होते. फाटक बसवून चार महिने झाले होते. मी नागपुरास परत गेलो, पाकीट विसरलो आणि पुढे गोष्टही विसरलो. स्मरण देणे त्यास अप्रशस्त वाटले, कारण मी 'सर' आहे.

वाचकहो, त्या वहीत एकही बुडवा मनुष्य नव्हता. सगळेच देणार होते. परंतु लोखंडाच्या दुकानदारास रोख हवे, विजेचे देयक तारखेस हवे, आणि मुलाचा पगार आठवड्यास हवा. मध्ये जो काळ जातो तो कोणी तरी आपल्या पदरच्या पैशाने भरून काढावा लागतो, आणि आपल्या समाजात तो सर्वांत दुबळ्याने भरून काढावा अशी रीत पडली आहे. संस्था, ठेकेदार, प्राध्यापक या साऱ्यांस बिनव्याजी कर्ज देणारा सावकार म्हणजे हा दोन माणसांचा वेल्डर! त्याच्या तिसऱ्या माणसाचा पगार आम्ही वापरीत होतो.

बँकेने हा काळ भरून काढावा, असे कोणी म्हणेल. बँक तारण मागते. गावठाणातील घराच्या मालकीचा धड कागद पिढ्यान्‌पिढ्या नव्हता, आणि ड्रोनने मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम आता कोठे या काही वर्षांत चालू झाले आहे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळते, त्याने यंत्र घेता येते, हे खरे. पण हप्ता तारखेस पडतो आणि येणे तारखेस पडत नाही. अशा स्थितीत कर्ज म्हणजे आणखी एक न थांबणारे देणे.

कायदा नाही असेही नाही, आणि येथे मात्र मला संताप आवरत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या अधिनियमाने ठरविले आहे की लहान उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू व्हावे. आणि परिषदेने निवाडा दिल्यावर त्याविरुद्ध जाणाऱ्याने आधी रकमेचा शेकडा ७५ भाग भरावा. याहून कडक तरतूद क्वचित सापडेल. परंतु नाकाडोंगरीच्या माणसाने परिषदेपुढे जावयाचे कोणाविरुद्ध? ज्या ठेकेदाराकडून पुढले काम मिळावयाचे आहे त्याविरुद्ध! एकदा अर्ज केला की मागचे पैसे येतील आणि पुढचे काम जाईल. निरीक्षकाचा कायदा सरकार स्वतः चालविते. या कायद्याची दोरी मात्र दुबळ्याच्याच हाती देऊन ठेविली आहे, आणि मग तो ओढीत नाही म्हणून आपण त्यास भित्रा म्हणतो.

सीमेची एक अडचण जाता जाता सांगतो. कटंगी येथून फार दूर नाही. १९५६ पूर्वी भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते, आणि सोयरिकी आजही आहेत. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात महाराष्ट्रात माल विकणाऱ्यास वर्षाच्या ४० लक्ष रुपयांपर्यंतच्या उलाढालीस नोंदणी लागत नाही. पण माल दुसऱ्या राज्यात पुरविला की, हस्तकलेसारखे अपवाद सोडल्यास, पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. म्हणजे फाटक तुमसरास नेऊन दिले तर सुखाने झोपावे, आणि त्याच गाडीतून कटंगीस नेले तर हिशेबनीस ठेवावा. त्याने कटंगीचे गिऱ्हाईक सोडून दिले.

पैसे वेळेवर न मिळण्याची दुसरी बाजू म्हणजे परक्यावर विश्वास न टाकणे. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातील कापडाच्या कारखान्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथील मालक काही वेल्डरासारखे गरीब नव्हते. तरीही कारखाना किती मोठा होईल हे मुख्यतः घरात कर्ते पुरुष किती यावर ठरते, असे संशोधकांस आढळले, कारण परक्या व्यवस्थापकाने चोरी केली तर न्यायालयातून काही हाती लागेल असा भरवसा मालकांस नव्हता. नाकाडोंगरीचा मेहुणा आणि तारापूरचा पुतण्या एकाच कारणाने गल्ल्यावर बसलेले आहेत.

सरकारने पगारच आपण द्यावा, हाही मार्ग निघाला आहे. २०२४ साली राज्याने तरुणांस प्रशिक्षणार्थी म्हणून कामावर धाडून सहा महिने विद्यावेतन देण्याची योजना काढली, आय. टी. आय.वाल्यास महिना ८ हजार. हेतू चांगला आहे. परंतु श्रीलंकेत असाच प्रयोग लहान धंद्यांवर काळजीपूर्वक करून पाहिला गेला. पगारातील अर्धा वाटा बाहेरून मिळत होता तोवर माणसे ठेवली गेली. मदत थांबली आणि टिकाऊ परिणाम काहीच राहिला नाही. सातव्या महिन्यात वहीतील येणे तसेच असेल, तर मुलगा सातव्या महिन्यात घरी जाणार.

म्हणून माझी मागणी दहावीसच्या वादाची नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने, महाविद्यालयाने, सहकारी संस्थेने आणि सरकारी कचेरीने आपल्या दारावर दर महिन्यास एक फलक लावावा: कोणाचे देयक, किती तारखेस आले, किती रुपये, अद्याप का दिले नाही. कारागिराने तक्रार करावयाची नाही. ज्याने देणे लागते त्यानेच सांगावयाचे. पंचेचाळीस दिवस उलटल्यावर व्याज आपोआप जमा व्हावे, अर्जावाचून. सरकारच्या कचेऱ्यांपासून आरंभ करावा, कारण ठेकेदाराची 'वरून आले की' ही सबब तेथेच तुटते.

नागपुरास परतल्यावर मी आमच्या घरची अशी यादी केली. शिंपी, पाच आठवडे. पुस्तके बांधणारा, तीन महिने. त्याचे पैसे देण्याचे मी दोनदा कबूल केले होते. सुतार, 'दिवाळीनंतर' असे सांगितलेला. ती दिवाळी मागल्या वर्षाची. फाटकाचे पैसे मी त्याच दिवशी वहीसमोर दिले होते. वेल्डिंगवाल्याने ते मोजले, माझ्या नावावर रेघ मारली आणि मुलाच्या घरी निरोप धाडतो म्हणाला. पण मुलगा दोन महिन्यांपूर्वीच हैदराबादेस गेला होता.