भागीदार शोधायचा तो गल्ल्यावर

कापूस आणि कापडगिरणीसाठी ओळखल्या गेलेल्या पुलगावात एखादा तरुण दिवसा नोकरी करतो आणि रात्री कृषी केंद्रांच्या उधारीचे सॉफ्टवेअर लिहितो असे समजा. त्याला हमखास ऐकवले जाते, "माल चांगला कर, तो आपोआप खपेल." हे मत साफ चुकीचे आहे. जूनमध्ये नेलेल्या बियाण्या-खताचे पैसे कापूस विकल्यावर येतात, तेही तुकड्यातुकड्यांनी. बाप-लेकाचे खाते एकच, पण सही वेगवेगळी. हा व्यवहार दुकानदार वहीवर सांभाळतो, आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून तो वही बंद करणार नाही. म्हणून गल्ल्यावरचा व्यवहार जाणणारा, दुकानदाराच्या विश्वासातला भागीदार हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "प्रोग्राम मी लिहिला, मग बोलणाऱ्याला वाटा कशाला? कमिशन द्यावे." तयार वस्तू विकायची असती तर हे मान्य केले असते. इथे वस्तू अजून घडायची आहे आणि काय घडवायचे तेच गल्ल्यावरच्या माणसाला ठाऊक आहे. कमिशनवाला "गिऱ्हाईक नाही म्हणाले" एवढेच सांगेल. का नाही म्हणाले, हे शोधत बसेल तो भागीदारच.

पुण्याच्या काटकर बंधूंचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. अँटीव्हायरस लिहिला धाकट्या संजयने. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून दुरुस्तीच्या धंद्यात उतरलेले. ते यंत्राला अनोळखी नव्हते, हे खरे. पण प्रोग्रामर नव्हते. व्हायरसने बिघडलेले संगणक त्यांच्या दुकानात येत, म्हणून गरज त्यांना आधी दिसली आणि गिऱ्हाईकही समोरच होते. 1995 मध्ये स्थापन झालेली ती कंपनी, आजची क्विक हील, 2016 मध्ये शेअर बाजारात आली. नुसत्या प्रोग्रामवर हे झाले नसते.

म्हणून मोठ्या शहरातल्या एमबीएच्या मागे धावण्याची मुळीच गरज नाही. जिनिंगचा जुना मुनीम किंवा दुकानाची जीएसटी विवरणपत्रे भरणारी मालकाची मुलगी अधिक कामाची. पारख एकच: त्यांच्या शब्दावर एखादा दुकानदार हंगामभर पैसे मोजून सॉफ्टवेअर वापरतो का?

राहिली भांडणाची भीती. ती खरी आहे, पण तिला उत्तर आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो. मग रात्री जागणारा आणि नाव देऊन बसणारा सारखेच. वाटा कामाच्या वर्षांनुसार हळूहळू मिळेल, असे लिहून घ्या. प्रोग्रामवरचा कॉपीराइट कोणाचा, तेही लेखी हवे. आणि त्याआधी आपले नेमणूकपत्र वाचा: फावल्या वेळच्या कामावर मालकाचा हक्क त्यात लिहिला असेल, तर भागीदाराला देण्यासारखे तुमच्या हाती काहीच उरत नाही.

प्रोग्राम पुरा होण्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच एखाद्या कृषी केंद्रात जाऊन बसा.